रिकाम्या साच्याचं चित्र

आमची मृणाली उलट बोलत नाही, हीच तिची मोठी खोड. सून उलट बोलली तर तिच्या पोटात काय शिजतंय ते सासूला कळतं तरी. ही आपली "हो आई" म्हणते आणि मान खाली घालते. रोह्याची माणसं गोड, असं तिच्या बापाने लग्नात सांगितलं होतं. गोड असतील. गुळाची ढेप फोडल्याशिवाय आतला मुंगळा दिसत नाही.

रामवाडीला आमचा गणपतींचा कारखाना. नवरा गेल्यावर मीच उभा ठेवला. शाळा माझी दुसरीत सुटली, आकडे तेवढे येतात. पण मूर्तीचे डोळे आखावेत ते कृष्णाबाईनेच, असं मुंबईचे व्यापारी सांगतात. मुलगा मिथुन डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो. त्याला रंगाचा वास सोसत नाही. म्हणून कारखान्याचा कंप्युटर सुनेच्या हाती.

तिने त्यात एक सॉफ्टवेअर टाकलं होतं, स्क्रीन सजवायचं. अक्षरांच्या जागी मोठी मोठी चित्रं. बैठ्या मूर्तींच्या ऑर्डरीवर बैठा गणपती, सिंहासनवाल्यांवर सिंहासन, टेम्पोच्या फेऱ्यांवर उंदीर. "आई, तुम्हाला वाचायला नको, चित्रावर दाबा," म्हणाली. मी दाबलं. कोणाच्या हातून किती मूर्ती सुटल्या, कोण दांडी मारून बसला, सगळं समोर. त्या दिवसापासून मला माझ्याच कारखान्यात कोणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. आणि लोक मला आणखी घाबरायला लागले.

मग मी कामगारांनाही चित्रं द्यायला लावली. पोपटला पोपट, तो खूश. गोविंदा पितो, त्याला बाटली. जनीची जीभ लांब, तिला कात्री. मृणालीने विचारलं, "आणि मला, आई?" लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, पाळणा हलला नव्हता. मी म्हटलं, "तुला रिकामा साचा." ती "हो आई" म्हणाली. कोपऱ्यात पडलेल्या साच्याचा फोटो काढला आणि स्वतःच्या हाताने लावला, आल्यागेल्याला दिसेल असा मधोमध. मला त्याची लाज नाही. जे आहे ते आहे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर कंप्युटर सारखा सांगायला लागला, जुनी सिस्टीम बंद होणार, नवी घ्या. मूर्ती परदेशात पाठवणारा व्यापारीही मागे लागला, जुन्यावर आमची ऑर्डर उघडणार नाही म्हणून. मृणाली नवी चढवायला बसली. सिस्टीम अर्ध्याच्या वर चढायची आणि घसरून परत खाली, खाडीच्या बांधावरून पाय निसटावा तशी. मग तिने सजावटीतलं एकेक बंद करून बघितलं. घड्याळ बंद केलं, तरी घसरली. कोपऱ्यातली हलती समई बंद केली, तरी तेच. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. हात कीबोर्डवर, म्हणून फोन स्पीकरवर. मी समोरच डोळे आखत होते.

"मॅडम, आमचं तुमच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, तेच अडवतंय," तिकडचा पोरगा म्हणाला. "ते आधी काढा, सिस्टीम चढवा, मग आमचं नवं टाका. पण काढताना विचारेल, चित्रं ठेवायची का. पेनड्राइव्हवर ठेवून घ्या. नाही ठेवली तर गेलीच समजा."

"ऐकलंस ना गो?" मी म्हटलं.

"हो आई."

काढताना तिचा हात मध्येच थांबला. पडद्यावर काही विचारलं असावं. ती त्या साच्याच्या चित्राकडे बघत बसली. मला वाटलं, पेनड्राइव्ह कुठे ठेवला ते आठवतेय. मग तिने बोट दाबलं.

संध्याकाळी नवी सिस्टीम चढली. निळा कोरा पडदा, त्यावर पिवळी खोकी, खोक्यांखाली मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं.

"माझी चित्रं?"

"राहिली नाहीत, आई."

मला वाटलं, यंत्र आहे, खाल्लं असेल.

दुसऱ्या दिवशी त्या पोराचाच फोन आला. मृणालीचे हात रंगाने भरलेले, तिने कोपराने स्पीकर लावला. सगळा कारखाना कामाला बसलेला.

"मॅडम, चित्रं आली का परत नीट?"

"नाही. ठेवली नव्हती."

"अहो, विचारलं असेल की! चुकून 'नको' दाबलं गेलं का?"

"चुकून नाही," मृणाली म्हणाली. "नको होती."

गोविंदाचा पॉलिशपेपर थांबला. जनीसुद्धा गप्प, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी मात्र हातातला डोळा पुरा केला. बुबुळ भरताना हात हलला तर मूर्ती तिरळी होते. माझा हलला नाही.

मृणालीने फोन बंद केला, हात पुसले. "आई, तुमची सगळी चित्रं मी परत लावून देते. फक्त एक सोडून."

"काकी, जाऊ द्या ना," पोपट मध्ये बोलला. "पोरीची जात हाय."

"पोपट, तुझा पोपट उडाला. तोंड मीट."

मी कुंचला पाण्यात बुडवला आणि तिच्याकडे वळले.

"बोललीस गो. बरं झालं. मला वाटायचं, आत कायच नाय. आता ऐक. चित्रं लावायची नाय. एकपण नाय. उद्यापासून सगळी माणसं कामाला बसली की तू त्या खुर्चीवर बसायचं आणि मला मोठ्याने वाचून दाखवायचं, मागच्या खोलीत ऐकू गेलं पायजे. पोपट, इतक्या मूर्ती. जनी, इतक्या मूर्ती. आणि तुझी ओळ आली की मृणाली म्हणायचं नाय. रिकामा साचा म्हणायचं. रोज. ते चित्र बिचारं गप तरी असायचं. तुला तोंड हाय, आज कळलं."