तीन विरुद्ध एक

‘चार शरीरं, एक श्वास’ असं त्या चौघा वादकांच्या पत्रकावर छापलेलं होतं. हे वाक्य साहेबांचं. साहेब म्हणजे पहिलं व्हायोलिन. वय सत्तावीस, पण तोरा असा की जणू संगीताचा शोध त्यांच्याच घरी लागला. दुसरं व्हायोलिन त्यांचा आतेभाऊ, होयबा. साहेबांना शिंक आली तरी हा आधी मान डोलवणार. चेलो, म्हणजे बसून गुडघ्यांत धरायचं थोराड व्हायोलिन, वाजवणाऱ्याला ठोंब्या म्हणत, कारण तो कमी बोलायचा आणि बोललेलं पाळायचा. उरली व्हायोला हे जरा मोठं व्हायोलिन वाजवणारी. वय सव्वीस, पण सगळ्यांची भांडणं मिटवायची म्हणून तिला मावशी म्हणत.

पाच वर्षांत चौघांनी नाव काढलं होतं, निदान फोटोंत तरी. बंद गिरणीतला फोटो, वाऱ्यात केस उडवलेला फोटो, गुडघाभर गवतात चेलो घेऊन उभं राहिल्याचा फोटो. गवतात कोण चेलो वाजवतं, हे ठोंब्याने एकदा विचारलं होतं. साहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

यांची एक रीत होती. त्यांच्या गाजलेल्या रचनेत पहिला भाग संपला की पुन्हा सुरुवातीला जाऊन तो सगळा वाजवावा, अशी खूण छापलेली आहे. कुणी ती पाळतं, कुणी सरळ पुढे जातं. हे चौघे दर कार्यक्रमाआधी त्यावर हात वर करून मत घेत. साहेबांना पुढे जायचं असे, होयबाला साहेब म्हणतील तिकडे. ठोंब्या आणि मावशीला मागे जायचं असे. दोन-दोन मतं झाली की साहेबांचं मत दोनदा मोजलं जाई. याला ते लोकशाही म्हणत.

यंदा एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीआधी मत घेतलं तेव्हा साहेब दाढ दुखते म्हणून बेसिनपाशी गुळण्या करत होते. समोर साहेब नाहीत म्हटल्यावर होयबा गोंधळला आणि बाकीच्यांबरोबर त्याचाही हात वर गेला. साहेब तोंड पुसत आले.

“तीन विरुद्ध एक,” ठोंब्या म्हणाला. “मागे जायचं.”

“बरं,” साहेब म्हणाले.

मावशीला खूप आनंद झाला. या फेरीवर तिचं सगळंच टांगलेलं होतं. शाळेतली शिकवण्याची नोकरी सोडून ती दीड वर्ष दादाच्या घरी सोफ्यावर झोपत होती, आणि वहिनी रोज सकाळी चादर जरा जास्तच जोरात झटकायची. परीक्षकांत एक बाई होत्या, मोठमोठे कार्यक्रम ठरवणाऱ्या. त्यांनी घेतलं तर पुढच्या तीन वर्षांची ददात मिटणार होती.

पहिला भाग संपला. साहेबांनी डोळे मिटले, केस उडवले आणि सरळ पुढे गेले. हरलेलं मत पाळायची त्यांना सवयच नव्हती. होयबा त्यांच्या मागोमाग. ठोंब्या ठरल्याप्रमाणे मागे गेला. मावशीने त्याच्याबरोबर दोन सूर वाजवले, तिसऱ्याला शेपूट घातली आणि साहेबांना जाऊन मिळाली. ठोंब्या एकटा पडला. चार मात्रा थांबून, जागा शोधून तोही आला, पण तोवर सगळं सभागृह चेलोकडे पाहत होतं.

बक्षीस हुकलं. पण बाईंना फोटो आवडले होते. त्यांनी तिघांना चहाच्या खोलीत बोलावलं.

“चेलोवाला आत्ताच येऊन गेला,” त्या म्हणाल्या. “चूक त्याची होती म्हणाला. खरं का?”

“मुलगा गुणी आहे हो,” साहेब म्हणाले, “पण त्याला दडपण झेपत नाही.”

“नाहीच झेपत,” होयबा म्हणाला.

बाईंनी मावशीकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. तिला सोफा आठवला, वहिनीची चादर आठवली, आणि स्वतःची किळस आली. ती किळस तिने चहाबरोबर गिळली.

“हो,” ती म्हणाली. “तोच चुकला.”

“मग मी तुम्हा तिघांना घेते. चेलो दुसरा बघू.”

ती बाहेर आली तेव्हा ठोंब्या चेलोच्या गजाच्या केसांचा ताण कमी करत होता.

“घेतलं ना तुम्हाला?” त्याने विचारलं.

“घेतलं.”

“छान झालं. नाहीतर चौघंही बसलो असतो बोंबलत.” त्याने पेटीचं झाकण लावलं. “मावशी, दोन सूर तू होतीस माझ्याबरोबर. मी ऐकलं. बरं वाटलं.”

तिला ओरडून सांगावंसं वाटलं की आत मी काय बोलले ते ऐकलं असतंस तर. पण तोवर त्याने पेटी पाठीला लावली आणि दारातून तिरका होऊन निघून गेला.

जिन्यात फोटोवाला खोळंबला होता. “तिघंच ना? चौथ्याला जागा सोडा,” तो म्हणाला, “नवा आला की मी त्याला मागाहून फोटोत बसवतो.”

साहेबांनी केस सारखे केले. होयबानेही केले. मावशी थोडी सरकली आणि तिने जागा करून दिली.