पिठीच्या पाठीवरचं कापड

या, जरा पुढे सरकून बसा. दारात बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज एका ताईची, तिच्या धाकट्या भावाची आणि एका कोंबडीची गोष्ट सांगायची आहे. राजवाड्यातली नाही, परसातली आहे. पण परसातही देवाचं लक्ष असतंच की!

ताई कोट शिवायची. दुकानातून बेतलेलं कापड यायचं आणि ती घरी बसून अस्तर लावायची, कॉलर बसवायची, काजं करायची. घरात ती आणि भाऊ, दोघंच. दोघांची मुलं लांब, आपापल्या संसारात. कोंबड्या भावाच्या. त्यातली एक, अंगावर पीठ सांडल्यासारखी दिसणारी, तिचं नाव पिठी. "पिठ्ये" म्हटलं की ती परसातल्या जाळीपासून ताईच्या शिवणाच्या मशीनपर्यंत तुरुतुरु यायची.

"माझ्या हाकेला येणारं या घरात एवढं एकच उरलंय," ताई म्हणायची.

"मग मी कोण?" भाऊ विचारायचा.

"तू ताटाला येतोस. हाकेला नाही."

तर या पिठीवर कोतवालाचा जीव जडला. कोतवाल म्हणजे कोंबडा. उठला की हिच्याच पाठीवर. त्याच्या नखांनी तिची पिसं गेली, उघडी पडलेली गुलाबी कातडी फाटली, आणि रक्त दिसताच बाकीच्या बायका, म्हणजे कोंबड्याच, तिथेच चोची मारायला लागल्या.

जनावरांचा डॉक्टर शेजारच्या गल्लीतला. त्याने मलम दिलं आणि म्हणाला, "नवी पिसं येईपर्यंत पाठ झाकून ठेवा. नाहीतर ही वाचायची नाही."

"कोंबडाच देऊन टाक की कुणाला," ताई भावाला म्हणाली.

"कोतवालाने मुंगूस पळवलं, तेव्हा तुझी मशीन आली होती का मदतीला? त्यापेक्षा पिठीलाच मी बाजाराच्या दिवशी देऊन येतो. रोज तिचे हाल बघवत नाहीत मला."

"हात तर लावून बघ! झाकायचीच आहे ना पाठ? मी साहेबलोकांच्या पाठी झाकल्यात. ही तर टीचभर."

इथेच ताई फसली. टेप घेऊन ती संध्याकाळी खुराड्यात शिरली, कारण त्या वेळी कोंबड्या दांडीवर गुपचूप बसतात, माप घ्यायला सोपं. पण झोपाळलेली कोंबडी पिसं फुलवून बसते. ताईने माप घेतलं ते त्या फुग्याचं! सकाळी कपडा चढवला तर तो घसरून पोटाखाली. पिठी त्यातच पाय अडकवून पाण्याच्या भांड्यात उलटी पडली.

"छान बसलाय," भाऊ म्हणाला. "फक्त कोंबडी चुकीची निघाली."

दुसऱ्या वेळेला ताईने दिवसा, भर उन्हात माप घेतलं. पण हात कोटाचा! आत कडक अस्तर घातलं, शिवणीवर शिवण मारली. पिठीने तो कपडा अंगावर येताच मान खाली घातली आणि मागे मागे चालत सुटली. भिंतीला टेकली तेव्हाच थांबली. आणि तिथेच उभी राहिली, दुपारपर्यंत, दाणा न टिपता.

ताईने तो कपडा काढून फेकला. "देवा, पिसं द्यायची होतीस तर टिकाऊ तरी द्यायचीस! तुझं अर्धवट काम मी किती निस्तरू?" दर टाक्याला नाम घेणारी बाई ती. पण त्या दिवशी नाम आणि तक्रार एकाच श्वासात निघत होती.

तिसरा कपडा मऊ होता, पंखांखालून इलॅस्टिकचे दोन पट्टे, पाठीवर नीट बसणारा. ताईला इतका आनंद झाला की तिने काठाला लाल गोट लावला. बाई, कशाला? कोंबड्यांना लाल म्हणजे रक्तच! बाकीच्या चारही जणी धावून आल्या. गोट तर फाटलाच, पण पिठीची मानही सोलून निघाली. ताई चिमटा घेऊन लाल धागा उपसत बसली.

"पुरे आता," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "उद्या बाजार. तू शिवतेस आणि ती सोसते."

पिठी ताईच्या मांडीवर डोळे मिटून होती. ताईने परत एकदा साधा कपडा चढवून पाहिला, बिनगोटाचा. तरीही बाकीच्या तिला चोची मारायच्या सोडेनात. आता लाल नव्हतं, पाठीवरचं रक्त झाकलेलं होतं, मानेवरही मलम थापलं होतं. मग कसला राग? ताई जाळीला तोंड लावून बघत राहिली, आणि एकदम उठली. पाच जणींत कपडा एकटीच्याच अंगावर! त्यांच्या लेखी ती कुणीतरी परकीच होती.

सकाळी भाऊ टोपली घेऊन परसात आला आणि उभाच राहिला.

"ताई, माझ्या खोलीचा पडदा कुठाय?"

समोर पाच कोंबड्या मातकट कापड पाठीवर घेऊन धक्के खात, अडखळत, एकमेकींकडे बघत होत्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून कुणी कुणाला चोचही मारत नव्हतं.

"तुझी लाज झाकून काय करायचीय?" ताई म्हणाली. डोळे लाल, बोटाला चिंधी. "हिची पाठ झाकू दे. तिसरीचा पट्टा सैल झालाय, धर तिला. असा नाही! पंख दाबून धर, तुला कोंबड्या पाळता येतात की नाही?"

भावाने टोपली खाली ठेवली आणि कोंबडी धरली.

तेवढ्यात कोतवाल पिठीवर उडाला, कापडावरून घसरला आणि शेजारी आपटला. पिठीने अंग झाडलं आणि दाणा टिपला. भाऊ त्या दिवशी बाजाराला गेला नाही.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. इलॅस्टिक सैल होतं, कापड विष्ठेने माखतं, एकीचं धुवायला काढलं की पाचही जणींचं काढावं लागतं. कोटाचं काम मागे पडून दुकानदार ओरडतो. ताई चिडते, देवाशी भांडते आणि शिवते. पिठीच्या पाठीवर मात्र बारीक, काड्यांसारखी पिसं फुटली आहेत.

तेव्हा माझ्या माणसांनो, आज हात जोडाल तेव्हा या ताईची आठवण ठेवा. स्वतःसाठी मागायला तिला सुचत नाही. तिच्या नजरेसाठी तुम्हीच मागा; हल्ली सुईत दोरा ओवायला तिला भावाला हाक मारावी लागते.