वाटीतला लाल केस

"आली! पोर वर आली!" मुदांगबाई किंचाळली आणि धक्क्यावरची गर्दी अशी पुढे रेटली गेली की माझ्या लेकीला, ब्योलला, मी वेळेवर खांद्यावर घेतलं म्हणून ती वाचली.

पांढऱ्या कापडाचा लांबच लांब पट्टा समुद्रातून वर येत होता. त्याच्या टोकाला गाठोडं, गाठोड्यात झाकणाची पितळी वाटी, वाटीत कोरडे तांदूळ. बुडून गेलेल्या माणसाचा जीव पाण्यातच अडकून राहतो. तो आपल्या रोजच्या जेवणाच्या वाटीच्या ओढीनं वर येतो आणि आल्याची खूण म्हणून तांदळात स्वतःचा एक केस ठेवतो. आमच्या गुल्पो बंदरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. होडी परतली नाही की घरचे लोक मुदांगबाईकडे, आमच्या देवऋषिणीकडे, जातात, तिच्या अंगात येतं, वाटी समुद्रात सोडली जाते.

पण त्या दिवशी जिला वर आणायचं होतं ती सेबोम होती. गाणारी सेबोम. वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या दुकानात, पोत्यांवर बसून वाढलेली आमच्या बंदराची मुलगी. चार दिवस घरी आली होती. लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवरून संध्याकाळी घसरली आणि गेली. पोलीस म्हणाले, पाय घसरला. गळ टाकायला जाणारा एखादा तरी दर वर्षी तिथं असाच जातो, त्याच्या दोन ओळी छापून येतात. सेबोमच्या मात्र दोन ओळींवर कोण थांबणार?

धक्क्याचा कठडा पांढऱ्या शेवंतीनं झाकून गेला. कठड्याला तिच्या चाहत्यांनी लाल बटाही बांधल्या होत्या. सेबोम केस लाल रंगवायची, म्हणून तिच्या कार्यक्रमात सगळ्या मुली असल्या नायलॉनच्या बटा केसांत अडकवून जायच्या. 'जाडी झालीस, आता गाणं पुरे कर' असं महिनाभरापूर्वी लिहिणारेच आता 'आम्ही तुला ओळखलं नाही गं' म्हणून फोनवर रडत होते. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं 'सेबोमची आवडती' अशी पाटी लावली. ती त्याच्याकडे कधी फिरकलीही नव्हती. एकजण छातीठोकपणे सांगत होता, "मेलीबिली काही नाही हो. तिच्या गाण्यांच्या कंपनीची जाहिरात आहे. नवीन गाणं येतंय, बघाच तुम्ही." मासळीबाजारातले ग्वाक आजोबा फुलांकडे बघून थुंकले. "माझा भाऊ होडीसकट गेला तेव्हा टीव्हीवाले सोडा, बाजारातलं मांजरसुद्धा आलं नव्हतं." आणि आमच्या सासूबाई: "एवढं नाव, एवढा पैसा, आणि म्हाताऱ्या आईला एकटं टाकून गेली!"

"अहो, ती पडली, आई."

"तेच ते."

तर, वाटी वर आली. मुदांगबाईनं गाठ सोडली, झाकण उचललं आणि दोन बोटांनी तांदळातून काहीतरी ओढलं. लांब, चमकणारा, लालभडक केस.

धक्का हादरेल असा हंबरडा उठला. मुदांगबाईचे डोळे पांढरे झाले, आवाज बारीक झाला.

"आई गं... थंडी वाजते... पाणी किती खारट आहे गं!"

समुद्राचं पाणी खारट असतं ही बातमी ऐकून अर्धी गर्दी ओक्साबोक्शी रडू लागली. बंदरावर जन्म काढलेली माणसं!

"वाढदिवसाला तू करायचीस ना, शिंपले घालून शेवाळाचं सूप... आता कोण देणार मला?"

सेबोमची आई इतका वेळ दगडासारखी उभी होती. ती पुढे झाली आणि तिनं मुदांगबाईला घट्ट मिठी मारली. त्या सुपाबद्दल सेबोम टीव्हीवर निदान दहा वेळा बोलली असेल, हे माझ्या मनात आलं, पण त्या मिठीकडे बघून माझेही डोळे भरले. खोटं कशाला सांगू?

आणि मग मुदांगबाई एकदम ताठ झाली. "हात! माझा हात सोडला तिनं! मैत्रीण म्हणवून घेते... शेवटपर्यंत बरोबर होती... आणि हात सोडला!"

नाव घ्यायची गरजच नव्हती. सेबोमची लहानपणापासूनची एकच मैत्रीण गावात होती. दानबीबाई, आमच्या ब्योलच्या बालवाडीतल्या. सेबोम गेली त्या दिवशी दोघी धक्क्यावर बसून फिशकेक खात असल्याचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. दानबीबाई गर्दीच्या मागे हातात एक पांढरं फूल घेऊन उभ्या होत्या. लोकांचे फोन एकेक करून त्यांच्याकडे वळले.

"बाई!" ब्योलनं माझ्या खांद्यावरून आनंदानं हात हलवला. अख्ख्या धक्क्यावर त्यांना हात दाखवणारी ती एकटीच होती.

घरी पोचेपर्यंत बालवाडीतल्या मुलांच्या आयांच्या फोनवरच्या गटात संदेश तडतडायला लागले.

'असल्या बाईच्या हातात आपली मुलं?'

'रस्ता ओलांडताना हीच हात धरते ना! अंगावर काटा आला.'

मी लिहिलं, 'दानबीबाई घरी गेल्यानंतर सेबोमनं धक्क्यावरून एकटीचा व्हिडिओ टाकलाय. त्याच वेळी बाई गल्लीतल्या दुकानात दूध घेत होत्या, तिथल्या कॅमेऱ्यात आहे. पोलिसांनी तपासलंय.'

'पोलिसांना काय कळतं? सेबोमनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.'

'ब्योलची आई, तुम्हाला फारच पुळका दिसतो.'

मुख्याध्यापिका भल्या बाई, पण भित्र्या. त्यांनी दानबीबाईंना सुट्टीवर पाठवलं आणि कळवलं, एकोणपन्नासाव्या दिवसाचा निरोपाचा विधी होऊ दे, तोवर लोक शांत झाले तर ठीक, नाहीतर दुसऱ्या बाई बघू.

ब्योल रोज सकाळी दप्तर पाठीला अडकवून विचारायची, "आज बाई येणार?"

त्याच आठवड्यात एका दुपारी सासूबाई फोनवर तो वाटीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होत्या. ब्योल त्यांच्या मांडीवर होती. केस जवळून दाखवला तशी ती म्हणाली, "हा लुलूचा केस आहे."

लुलू तिची बाहुली.

"शू! असं म्हणू नये. सेबोमताईचा आहे तो."

"नाही. ताईचा असा चकचक करत नाही. आईचा पण नाही. लुलूचा करतो." आणि ती बाहुली घेऊन आली, पुरावा म्हणून.

मी बघत राहिले. चार वर्षांच्या मुलीनं रोज त्या बाहुलीची वेणी घातलेली. तिला कोण फसवणार?

दुसऱ्या दिवशी टबात पाणी भरलं. झाकणाच्या वाटीत तांदूळ घातले, सुती कापडात घट्ट बांधले. लुलूचे पाच-सहा केस कापून पाण्यात सोडले, वर माझ्या कंगव्यातलेही. ब्योलनं मनसोक्त पाणी ढवळलं. गाठोडं सोडून बघितलं. तांदूळ चिंब, केस एकही नाही. कापड पाणी आत घेतं, केस घेत नाही. म्हणजे जो केस वाटीतून निघाला तो वाटीबरोबरच पाण्यात गेला होता.

ब्योलला शेजाऱ्यांकडे ठेवून मी शेवाळाच्या दुकानात गेले. दारात क्षणभर अडखळले. इथं आईला मुलाच्या नावानंच हाक मारतात. सेबोम गेल्यापासून या बाईला काय म्हणायचं, हे कुणाला सुचत नव्हतं. लोक 'अहो' म्हणायचे, खाकरायचे, नाहीतर दुकानावरून मान खाली घालून जायचे.

"सेबोमची आई," मी म्हणाले.

त्यांनी चटकन वर पाहिलं. "ये. बस."

वाटी त्यांच्याकडेच होती, सेबोमची जेवणाची वाटी. अजून धुतलेली नव्हती. मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला वाळलेला गिचका चिकटलेला होता. नखानं खरवडला तर दोन शितं निघाली.

"यात कोरडे तांदूळ होते ना? मग झाकणाला शिजलेला भात कुठून आला?"

त्यांनी ती शितं बोटावर घेतली.

"भातानं केस झाकणाला चिकटवला. पाण्यात भात सुटला, केस तांदळावर पडला. केसही खरा नाही. कठड्यावर शेकड्यानं बांधलेत तसलाच आहे. जाळून बघू या का?"

त्यांनी गल्ल्याखालून कागदाची पुडी काढली, तो लाल केस तिच्यात जपून ठेवला होता. सेबोमचा, केस रंगवायच्या आधीचा जुना कंगवाही आणला. त्यातला काळा, बारीक केस मी आधी मेणबत्तीवर धरला. चर्र झालं, करपट वास आला, बोटाला राख लागली. मग लाल केसाचं टोक धरलं. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला टणक काळा मणी झाला. वास प्लास्टिकच्या पिशवीचा.

मला वाटलं, त्या कोसळतील. त्यांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सेबोमला ते सूप कधीच आवडलं नाही. नाक दाबून प्यायची. टीव्हीवर कौतुक करायची ते आपल्या दुकानाचं शेवाळ खपावं म्हणून."

"मग तुम्ही तिला मिठी का मारलीत?"

"कुणीतरी आई म्हणालं, गं."

घरी ब्योल दिवसातून शंभरदा आई-आई करते आणि मी कातावते.

मी म्हणाले, "दानबीबाईंचं काय?"

त्यांनी पुडी पुन्हा बांधली. "लहानपणी ती याच पोत्यांवर झोपायची. सेबोमच्या शेजारी." आणि मग, "विधीला ये."

एकोणपन्नासाव्या दिवशी किनाऱ्यावर जाळ पेटला. गेलेल्याचे कपडे जाळून त्याला निरोप द्यायचा, तसा सेबोमच्या कपड्यांचा ढीग होता. आया होत्या, मुख्याध्यापिका होत्या, फोन उगारलेले शेकडो लोक होते. मुदांगबाई तांबड्या-निळ्या झग्यात घुमत होती. दानबीबाई आल्या नव्हत्या.

सेबोमची आई जाळाजवळ गेली. एका हातात झाकण, एका हातात केस.

"हे बघा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले. "हा माझ्या मुलीचा केस नाही. झाकणाला भातानं चिकटवलेली नायलॉनची बट आहे. जे बोललं तेही माझी मुलगी नव्हती. दानबीनं कुणाचा हात सोडला नाही. ती तिथं नव्हतीच." आणि तिनं केस जाळावर धरला. तो सगळ्यांसमोर वितळला. मणी झाला. तो तळहातावर घेऊन तिनं पुढे केला.

मला वाटलं, झालं. आता तरी झालं.

मुदांगबाईची नजर पळभर चळली. मग तिनं घंटा खणखणवली आणि वाळूत लोळण घेतली.

"थेंब! डोळ्यातला थेंब! आई विश्वास ठेवत नाही म्हणून लेकरू रडलं! बघा रे, अश्रू गोठला!"

"अश्रू!" कुणीतरी ओरडलं.

आणि ते त्या तळहातावर तुटून पडले. फोटो काढायला, हात लावायला, कपाळाला लावायला. मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "अहो, प्लास्टिक आहे! कठड्यावरची कुठलीही बट काढा, जाळून बघा!" माझ्या शेजारच्या बाईनं माझ्याकडे इतक्या कीवेनं पाहिलं! "मूल आहे ना तुम्हाला? थोडं तरी काळीज ठेवा." मागून एकजण कुजबुजला, "कंपनीनं आईला पैसे चारले असणार." ग्वाक आजोबा तेवढे काठी आपटत म्हणाले, "माझ्या भावाचाही केस निघाला होता. पांढरा. तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता." ते कुणी ऐकलं नाही.

सोमवारी बालवाडीत दुसऱ्या बाई होत्या.

दानबीबाई निघाल्या त्या दिवशी ब्योलला घेऊन मी बसथांब्यावर गेले. ब्योलनं दोन्ही हात पोटाशी धरून वाकून नमस्कार केला, त्यांनीच शिकवला होता तसा. त्यांनी तिच्या कोटाचं बटण लावलं.

"बाई, लोकांचं सोडा," मी म्हणाले. "सेबोमच्या आईनं सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही तिथं नव्हता. तुम्हाला तरी खरं माहीत आहे ना?"

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ब्योलची आई, तेच तर. आधी माहीत होतं. मी घरी होते, दूध घेतलं, सगळं आठवतं. पण इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं, की आता झोप लागताना मला तिचा हात हातात जाणवतो. थंडगार. आणि मी तो सोडते." बस आली. "तो कसा जाळून बघायचा, सांगा."

मला सांगता आलं नाही.

म्हणून इथं लिहिते आहे, ब्योल झोपली आहे तोवर. जी माणसं रडली त्यांचं रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. सेबोम चांगलं गायची. रडा, खुशाल रडा. पण मेलेलं माणूस बोलत नाही. जे बोलतं ते जिवंत असतं, आणि त्याला काहीतरी हवं असतं. ते कुणाचं नाव घेऊ लागलं की डोळे पुसा आणि झाकण उलटं करून बघा. त्याला विद्या लागत नाही. एक मेणबत्ती पुरते. आणि बघायचं असेल तर लवकर बघा. उशीर झाला की केस जळतो, मणी हातात येतो, आणि तरीही काही सुटत नाही.

काल ब्योलनं पुन्हा विचारलं, "बाई कधी येणार?"

"येणार नाहीत," मी म्हणाले.

तिनं लुलूचा हात धरला आणि जेवणभर सोडला नाही.