कड्यावरचा खोकला

गर्दीकाका माईकपासून वीतभर मागे सरले आणि खोकले. कोरडा, थकलेला खोकला. छातीतून निघून ओठांशी येईतो अर्ध्या वाटेवर बसलेला.

काचेपलीकडे डबिंग करून घेणाऱ्या बाई बसल्या होत्या. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला.

"काका, हा कोण खोकला?"

"कड्यावरचा माणूस."

"कालचा खोकला असा नव्हता. काल कसा घोगरा, अंगावर आल्यासारखा होता. तोच काढा."

"काल खिंडीतला माणूस होता."

"तोच तर आहे हा."

"कुणी सांगितलं?"

बाईंच्या शेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टनं हसू लपवायला मान खाली घातली.

गर्दीकाकांचं खरं नाव स्टुडिओत कुणालाच आठवत नसे. मोर्चातली आरडाओरड, आगीतली पळापळ, दाराआडचा नोकर, मरणाऱ्याचा शेवटचा श्वास, सगळं चाळीस वर्षं त्यांच्या एका गळ्यातून निघालं होतं. नायकांचे आवाज येऊन गेले. गर्दी मात्र जागच्या जागी होती.

हातातला चित्रपट जुना होता, परभाषेतला, मोठ्या नावाचा. चार मित्र हौसेनं बर्फातला डोंगर ओलांडायला निघतात. खिंडीत लोकरी टोपीतला, तोंड फडक्यानं बांधलेला, खोकणारा एक माणूस त्यांच्यातल्या एकाला गोळी घालतो, शिधा उचलतो आणि नाहीसा होतो. दुसऱ्या सकाळी थोरल्या मित्राला कड्याच्या टोकाशी पाठमोरा माणूस दिसतो. तशीच टोपी, तसंच फडकं. पण त्या डोंगरात सगळेच तसे बांधून हिंडतात. माणूस खोकतो, स्वतःशी काही पुटपुटतो. थोरला मागून जाऊन त्याला ढकलून देतो. मग खाली दरीत बघत म्हणतो, "हाच तो. हाच होता." प्रेत बर्फात गडप होतं. चेहरा कुणालाच दिसत नाही, बघणाऱ्यालाही नाही.

"हे बघा काका," बाई म्हणाल्या, "लोक घरी बसून बघतात, भाजी निवडता निवडता. आवाज एक ठेवला की त्यांना कळतं, बदला घेतला, बरं झालं. पुढचा तासभर सुखानं बघतील."

"मूळ चित्रपटात आवाज एकच आहे?"

"मुळात वारा आहे नुसता. काही कळत नाही."

"मग आपल्यालाच बरं कळलं."

"म्हणजे तुम्ही त्याला निर्दोष ठरवणार?"

"मी कोण ठरवणारा? रात्रभर बर्फात बसलं तर कुणाचाही आवाज असा बसेल. कालच्याचाही. कालचा असेल, नसेल. तेवढी शंका मुळात आहे ना, तेवढीच मी ठेवतोय. गुंजभर जास्त नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"सोमवारपासून ती बावन्न भागांची मालिका सुरू होतेय. कथा सांगणारा आवाज तुमचा, पाटीवर पहिलं नाव तुमचं. मी वर शब्द टाकलाय. पण असा अडून बसणारा माणूस वर्षभर मला झेपायचा नाही."

गर्दीकाकांनी गळ्यावरचा मफलर सैल केला. बायकोनं ही बातमी जिन्यावरच्या सगळ्या दारांत पोचवली होती. पहिला भाग बघायला यायचं निमंत्रणसुद्धा देऊन झालं होतं.

"नाही झेपायचा," ते म्हणाले. "ती तर घरी रोजच म्हणते."

"तुमचं काय जातंय काका? पडद्यावरचा माणूस. मेला कधीचा."

"मेला, म्हणूनच. माझंही ऐकून घ्या, असं सांगायला तो काही यायचा नाही. त्याच्याकडे माझा एवढा गळाच आहे."

"बरं." बाई रेकॉर्डिस्टकडे वळल्या. "कालचा खोकला उचल आणि इथं बसव."

दोन मिनिटांचं काम. गर्दीकाका उभे होते तसेच उभे राहिले. पडद्यावर कडा आला, पाठमोरा माणूस आला, कालचा घोगरा खोकला आला. धक्का. बर्फाचा धुरळा. आणि थोरल्या मित्राचा आवाज, भरदार, कोरलेला: "हाच तो. हाच होता." सगळं कसं ओळीला ओळ मिळाल्यासारखं बसलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "बघितलंत?"

"बघितलं. आता माझा लावा."

"कशाला?"

"फेकायचाय ना? मग ऐकून फेका."

बाईंनी घड्याळ बघितलं, हात हलवला. रेकॉर्डिस्टनं मागं नेलं. पुन्हा कडा, पुन्हा पाठ. दमलेला खोकला. मग पुटपुटणं, त्यात शब्द नव्हते, थंडीनं आखडलेल्या हाताला माणूस समजावतो तसं काहीतरी होतं. धक्का. धुरळा.

"हाच तो. हाच होता."

बाई खुर्चीत पुढं झाल्या.

"हे वाक्य पुन्हा घेतलं का? आवाज कापतोय त्याचा."

"नाही बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "मागच्या मंगळवारचंच आहे. आत्ता ऐकलंत तेच."

"पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी बाईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. टेबलाच्या कडेवर बोट ठेवून नुसतं ऐकलं. थोरला मित्र दरीला सांगत होता की कुणाला विनवत होता, कळेना.

गर्दीकाकांनी हेडफोन मानेवर उतरवला आणि पिशवी उचलली.

"काका."

त्यांनी हेडफोनची एक बाजू कानाला लावली.

"मालिकेसाठी मी दुसरा आवाज बघणार आहे."

"बघा."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही."

मग बाईंनी समोरचा कागद पुढ्यात ओढला, पेनचं टोपण काढलं.

"खोकला पडद्यावरच्या खांद्याच्या हालचालीआधी येतोय. जरासा. पुन्हा घ्यावा लागेल."

गर्दीकाकांनी पिशवी खाली ठेवली.

"कुणाचा?"

बाई कागदावर लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"कड्यावरच्या माणसाचा."