फ्रीजबाहेरचा रस

आमच्या सत्यशीलाबाईंचं, म्हणजे माझ्या बायकोचं, देवाच्या पवित्रतेबद्दल एक ठाम मत आहे. देव एवढा पवित्र, की त्याच्या वस्तूंना आपल्या स्वयंपाकघराचा वाससुद्धा लागता कामा नये. कसबा पेठेतल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची तयारी कित्येक वर्षं तिच्याकडे आहे. भाकर मोडायची, एका प्याल्यातून सगळ्या मंडळीनं घोट घोट द्राक्षरस घ्यायचा आणि प्रभूच्या मरणाची आठवण करायची, ते प्रभुभोजन. मेजावरचा पांढरा कपडा ही वेगळ्या बादलीत धुते. प्याला पुसायचं फडकं वेगळं, ते ठेवायचा डबा वेगळा. मी रंगराव, कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. माझ्याकडे हमाली आहे, कारण पिशवीला बाहेरून हात लावलेला चालतो.

आमच्या चर्चमध्ये दारू वर्ज्य. द्राक्षं काही बारा महिने मिळत नाहीत, म्हणून ही काळ्या मनुका आणून उकळते, गाळते आणि तोच रस वापरतात. एरवी हे काम शनिवारी संध्याकाळी होतं. पण या एप्रिलात शनिवारी तयारीची उपासना होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपलं मन तपासायचं, भांडण असेल तर मिटवायचं, म्हणून ती असते. हिला तिथं गायचं होतं, तर हिनं रस बुधवारीच करून ठेवला. मी म्हटलं, फ्रीजमध्ये ठेव.

"अहो, फ्रीजमध्ये बोंबील आहेत."

"झाकलेले आहेत ना?"

"प्रभूचा प्याला मी बोंबलाशेजारी ठेवू?"

हडपसरच्या आमच्या घरातल्या त्या उकाड्यात बरणी फडकं बांधून ओट्यावर राहिली आणि मी पेपर उघडला.

या प्रभुभोजनाला विश्वजीत येणार होता. हा माझ्या बहिणीचा मुलगा. हातात कसब असलेला फिटर, पण दारूनं नोकरी खाल्ली आणि बायको पूर्णिमा माहेरी निघून गेली. दोन वर्षांपूर्वी तो पिऊनच प्याल्यासाठी रांगेत उभा राहिला, तेव्हा आमच्या हिनं त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतर दोन वर्षं तो चर्चची पायरी चढला नाही. दारू मात्र सोडली, पूर्णिमा परत आली, आणि या शनिवारी तयारीच्या उपासनेत त्यानं उभं राहून मंडळीची क्षमा मागितली. डॉक्टरांनी त्याला बजावलंय, एक घोट गेला की सगळं पहिल्यापासून. खोकल्याचं औषधसुद्धा पोरगा बाटलीवरचं वाचून घेतो.

रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत हिनं बरणीचं फडकं सोडलं. वर फेस होता. मी चमचाभर तोंडात टाकला, तर जिभेला चांगलाच झोंबला.

"आंबलाय," मी म्हटलं.

"मनुकाच आंबट होत्या."

"सत्यशीला, याची दारू झालीय."

ती स्टुलावर बसली. बाहेर पहिलं गीत सुरू झालं होतं. मला तिची दया आली आणि दयेच्या भरात मी अक्कल पाजळली. म्हटलं, पाणी घाल, घोटभराचा तर प्रश्न आहे, कुणाला कळतंय. विश्वजीतला मी बाजूला घेऊन सांगतो, तू आज घेऊ नकोस.

"म्हणजे पुन्हा त्यालाच रांगेबाहेर काढायचं?" ती म्हणाली. "आणि आता माझी चूक झाकायला?"

"मग काय करणार?"

"सांगणार."

तिचा चेहरा उतरला होता. पहिल्याच बाकावर इंदुबाई बसलेल्या. मेजाच्या कपड्यावर एक केस निघाला म्हणून हिनं एकदा त्यांना रडवलं होतं. तरी ही गीत संपल्यावर पुढं जाऊन उभी राहिली.

"मंडळीला सलाम," ती म्हणाली. "फ्रीजमध्ये मासळी होती म्हणून मी रस बाहेर ठेवला. मला वाटलं, देवाचा मान ठेवते आहे. त्या रसाची दारू झालीय. चूक माझी आहे, कुणी तो घेऊ नये."

मला वाटलं, इंदुबाई आता हसणार. त्या उठल्या आणि सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेल्या. आमचे पाळक प्रज्ञेश वयानं लहान, पण गडबडून जाणारे नव्हेत. मला म्हणाले, "रंगराव, मंडईत अजून काळी द्राक्षं असतील. घेऊन या, तोवर आम्ही गातो."

गेलो. परत आलो तर मंडळीचा घसा बसायच्या बेतात होता. बायकांनी हातानं द्राक्षं कुस्करली, तीसुद्धा इंदुबाईंनी काढून ठेवलेल्या चर्चच्या चहाच्या पातेल्यात, आणि चहाच्याच गाळणीनं गाळली. सत्यशीला दारात उभी राहून बघत होती. आता भडका उडणार म्हणून मी जरा लांब सरकलो. ती एवढंच म्हणाली, "बिया राहू देऊ नका."

मग पाळकांनी प्याला उचलून प्रार्थना केली. तीच प्रार्थना मी जन्मभर ऐकत आलोय, अर्ध्या वेळेला घड्याळाकडे बघत. त्या दिवशी मान वर करवेना. ज्याच्यापुढे काही लपत नाही, त्याच्या मेजावर मी पाणी घालून खोटं ठेवायला निघालो होतो, आणि तो तर चहाच्या पातेल्यातल्या रसातून आमच्याकडे यायला तयार होता. मला लाज वाटली, आणि लाजेहून मोठी भीती.

रांग लागली. ही उठेना.

"मी नाही येत," ती म्हणाली. "आज माझी लायकी नाही."

विश्वजीत पार पुढं पोचला होता. त्यानं मागं वळून पाहिलं, रांग सोडली आणि आमच्या बाकाकडे चालत आला. मला वाटलं, पोरगा दाराकडे निघाला. पूर्णिमाही अर्धवट उठली होती. तो हिच्यासमोर थांबला.

"मामी, चला ना."

"तू जा, बाळा. तुझा नंबर आला होता."

"एकट्यानं जायची भीती वाटते."

"कसली भीती?"

"देवाची," तो म्हणाला. "तुम्ही मला बाहेर काढलंत ना, तेव्हापासून वाटते. पण मला जायचंय, मामी."

ती पदरानं डोळे पुसून उठली आणि त्याच्याबरोबर रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. त्यांच्या मागे मी उभा राहिलो, कारण त्या दोघांच्या पुढं जायची माझी हिंमत नव्हती.