लाल रेघेखाली बोटभर

"तीनच?" ओब्वोनाने तळहातावरच्या गोळ्या पुन्हा मोजल्या. "बायकोला चार आणि मला तीन?"

"मी कोण देणारी, बाबा? काठी सांगते तेवढ्या," गोळ्या वाटणारी आतिमांगो म्हणाली.

आंब्याला टेकवलेल्या मापाच्या काठीवर लाल रेघ होती. डोकं रेघेला लागलं तर चार, खाली राहिलं तर तीन. ओब्वोना बोटभर खाली राहिला होता.

"गेल्या वर्षी चार होत्या."

"गेल्या वर्षी पाठ सरळ होती तुमची."

"लग्नात यांच्याहून उंच दिसू नये म्हणून मी वाकून चालले होते," त्याची बायको लामुनू मागून म्हणाली, "तेव्हा बरी कुणी काठी आणली नाही."

रांग हसली. ओब्वोनाने गोळ्या आतिमांगोच्या हातावर परत ठेवल्या आणि तो घराकडे वळला.

आमच्या गावात त्याला हसणारे पुष्कळ, पण त्याच्या आधी गोळी गिळणारा एकही नाही. तो वळताच रांगेतल्या चौघांनी निघायला पाय चपलांत सरकवले. आस्वा नदीकाठच्या काळ्या माश्या चावून चावून आमच्या वाडवडिलांचे डोळे गेले; ते थांबलं या गोळ्यांनी. पण मान मोठा की माशी, हे कुणाला समजावणार?

एक गोळी जास्त द्यायला आतिमांगोचं काय जात होतं? पण गोळ्या वाटायच्या अकरा वर्षांत तिने सख्ख्या सासूलाही बोटाची सूट दिली नव्हती.

"बाबा, नातीचं माप तरी बघून जा."

आचिरो काठीला पाठ लावून उभी राहिली. टाचा हळूच उचलल्या.

"टाचा खाली," ओब्वोना वळून म्हणाला.

टाचा टेकल्या. तरी डोकं रेघेच्या बोटभर वर.

आतिमांगोने वही उघडली. "गेल्या वर्षी तुम्ही चार, ही तीन. यंदा ही चार, तुम्ही तीन."

ओब्वोनाने नातीच्या डोक्याकडे पाहिलं, मग रेघेकडे.

"म्हणजे घरातून काही गेलं नाही."

"बोटभरसुद्धा नाही."

तो परत आला. तीन गोळ्या तोंडात टाकून वर पाणी प्यायला. मागे रांग पुन्हा जुळली.

गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं, असा नियम आहे. ओब्वोनाला तो सांगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आतिमांगो वहीत डोकं घालून लिहीत राहिली.

"बघ की, पोरी."

तिने वर पाहिलं. म्हातारा वाकून, आ करून उभा होता. दात मोजकेच उरले होते; गोळी एकही नव्हती.