फळीपलीकडचा बाजार

सुमंगलाने रेडिओचा आवाज वाढवला आणि आपली खुर्ची सरस्वतीच्या जवळ ओढली.

पुण्यात शिकताना सरांनी बजावले होते, समुपदेशकाला दुसरे काही मिळाले नाही तरी चालेल, बंद होणारे दार मिळाले पाहिजे. गोवा राज्य झाले, आरोग्य केंद्राची पाटी नव्याने रंगली. सुमंगलाच्या वाट्याला मात्र मलमपट्टीच्या खोलीचा अर्धा भाग आला. मध्ये प्लायवूडची फळी, तीही छतापर्यंत न पोचलेली. पलीकडच्या बाकावरच्यांना सारे ऐकू जाई. म्हणून तिने घरचा, विजेवर चालणारा रेडिओ आणून ठेवला होता.

आज त्या बाकावर सरस्वतीची सासू पार्वती बसली होती. नातू, सरस्वतीचा मुलगा साईश पावसाळ्यात बंद खाणीच्या पाण्यात बुडाला, तेव्हापासून सून धड जेवत नव्हती. सासूच, तिची 'मांय', तिला सर्वण गावाहून बसने घेऊन येई.

"मांय कशा आहेत तुझ्या?"

"साईशला बांगडा आवडायचा. तो गेला तशी मांयनी मासळीच सोडली. नाव काढू देत नाहीत घरात."

सरस्वती पदराचे टोक पिळत राहिली. गप्प राहणे हाच सुमंगलाच्या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा होता.

"बाय, तो न विचारता गेला, असं मी मांयना सांगितलं." रेडिओमुळे सरस्वतीला आवाज चढवावा लागत होता. "ते खोटं. त्यांना कळलं तर मला दारात उभी करायच्या नाहीत."

एवढ्यात वीज गेली. रेडिओ मुका झाला. भरात असलेल्या सरस्वतीचा आवाज मात्र तसाच चढलेला राहिला.

"मीच धाडलं त्याला खाणीवर! बैल धुवून आण म्हटलं!"

फळीपलीकडची कुजबुज थांबली. सरस्वतीने तोंडावर हात दाबला. सुमंगलाने तिचे मनगट धरले.

मग बाक करकरला.

"काय गो सुलोचना," पार्वतीचा आवाज आला, नको तेवढा मोठा, "काल डिचोलीच्या बाजारात बांगडे कसे होते?"

"बरे होते, आक्का," शेजारीण चाचरत म्हणाली.

"बरे कसले! पूर्वी ताटाएवढे यायचे. बोल मगे! गप्प कित्याक सगळी? बोला!"

हळूहळू बाक बोलू लागला. कोणी तारली मासळीचा विषय काढला, कोणी आमसोलांचा.

वीज आली. रेडिओ खरखरताच सुमंगलाने हात लांबवून तो बंद केला. पलीकडे पार्वती सांगत होती, मध्येच आवाज चिरकत होता, तरी थांबत नव्हती.

"बांगड्याच्या आमटीत तिरफळं शेवटी घालायची गो. आणि पोरांना काटे काढून द्यायचे."